सावरटेकचा कौल

सातारा जिल्ह्याला समुद्र नाही, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. तरी मी त्याच जिल्ह्यात बरीच वर्षं बेटांची तलाठी होते. नातेवाइकांना हे सांगितलं की ते आधी हसायचे आणि मग विचारायचे, "म्हणजे अंदमानला बदली झाली का गं?" अंदमानला झाली असती तर निदान प्रवासभत्ता तरी बरा मिळाला असता.

ही बेटं कोयनेच्या जलाशयातली. धरण झालं तेव्हा खोऱ्यातली शेतं आणि गावं पाण्याखाली गेली. बरीच माणसं पुनर्वसनात लांब सपाटीला गेली. काही गेली नाहीत. पाणी जसं चढत गेलं तशी तीही डोंगर चढत गेली आणि वर कुठंतरी थांबून त्यांनी वाड्या बांधल्या. श्रावणात जलाशय काठोकाठ भरला की डोंगरांच्या सोंडा पाण्यात शिरलेल्या दिसतात. सोंडेतली खिंड बुडाली की पुढचं टेकाड सुटं पडतं आणि त्याचं बेट होतं. चैत्र-वैशाखात पाणी खाली गेलं की खिंड उघडी पडते आणि तेच बेट पुन्हा डोंगराला चिकटतं. त्यामुळं अमुक गाव बेट आहे की नाही, याचं उत्तर तुम्ही कोणत्या महिन्यात विचारता त्यावर असतं. आमचे साहेब लोक तपासणीला उन्हाळ्यात यायचे. त्यांना बेट असं कधी दिसलंच नाही.

मी मूळची कवठे महांकाळकडची. आमच्याकडं पोरं तलावात क्रिकेट खेळतात. सांगलीत जागा निघाल्या नाहीत म्हणून साताऱ्यात अर्ज केला आणि हे गळ्यात पडलं. पहिल्यांदा आई सोबत आली होती. काठावर उभी राहून तिनं ते पाणी बघितलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "नवऱ्याच्या गावाला मिळालं न्हाई ते नोकरीच्या गावाला गावलं. आता पोहायला शिक." मी आजतागायत शिकलेले नाही.

तलाठी काय करतो, हे शहरातल्या माणसाला सातबारापलीकडं माहीत नसतं. आता तर आमचं नावही बदलून ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण लोक काही ते तोंडात घेत नाहीत. एका तलाठ्याकडं काही गावं असतात, त्याला सजा म्हणतात, आणि मराठीत तो शब्द किती योग्य आहे ते माझ्या सजेत आल्यावर कळायचं. कुणाची जमीन कुणाच्या नावावर, कुठं काय पेरलं, कुणाचं घर पडलं, कुणाची म्हैस वीज पडून मेली, हे सगळं बघायला जाग्यावर जावं लागतं. इतर तलाठी मोटारसायकलवर जातात. मी लाँचनं जायची. लाँच सकाळी जायची ती संध्याकाळीच परत यायची, म्हणजे काम दहा मिनिटांचं असो की दिवसाचं, बेटावर पूर्ण दिवस काढायचा. माझ्या आधीचे सगळे पुरुष, त्यामुळं लोकांना 'भाऊसाहेब' म्हणायची सवय. मी आले तरी ती सुटली नाही. साडी नेसलेला भाऊसाहेब लाँचमधून उतरायचा आणि पायाला चिकटलेल्या जळवा मिठानं काढत बसायचा.

कामही इथलं वेगळं. पाणी ओसरलं की गाळाची जमीन उघडी पडते, ती सरकार हंगामापुरती कसायला देतं. तिला गाळपेर म्हणतात. एकदा दोन भाऊ ऐन भाद्रपदात माझ्याकडं बांधाचं भांडण घेऊन आले. मी म्हटलं, दाखवा बांध. दोघांनी मला लाँचमध्ये बसवलं, मध्यावर नेलं आणि पाण्याकडं बोट दाखवून एक म्हणतो हितनं, दुसरा म्हणतो तितनं. लाँचवाला हसून हसून बेजार. मी त्यांना सांगितलं, माशांना विचारा आणि शिमग्यानंतर या. शिमग्यानंतर आले ते दोघं मिळून आले, कारण तोवर तिसऱ्यानंच तिथं पेरलं होतं.

असं सगळं मजेत चाललं होतं. एक गाव मात्र माझ्या डोक्याला लागलं होतं, ते सावरटेक.

आमच्या दप्तरात गावांचे दोन प्रकार. वस्तीचं गाव आणि बेचिराख गाव. बेचिराख म्हणजे ज्या गावात दिवा लावायला कुणी उरलं नाही असं गाव. नकाशावर ते राहतं, जमिनींचे सातबारेही राहतात, फक्त माणसासाठी जे काही असतं ते बंद होतं. लाँच थांबत नाही, आरोग्यसेविका येत नाही, धक्क्याची मागणी असली तर ती फायलीतून खाली सरकत सरकत जाते. दरवर्षी मला प्रत्येक गावापुढं लिहावं लागायचं, वस्ती आहे की नाही. सावरटेकपुढं मी 'आहे' लिहायची आणि ती सगळी वस्ती म्हणजे एकटी तानूबाई.

तानूबाईचं वय साठीच्या पुढं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नाही, एकच मुलगी, ती कुपवाडला दिलेली. जावई तिथल्या एमआयडीसीत लेथवर काम करतो. गावातले बाकीचे सगळे नवी मुंबईत. शेवटची सोबत होती जावेची, तिलाही तिच्या मुलानं नेलं. त्यानंतर त्या टेकाडावर ही बाई, चार कोंबड्या आणि भैरोबाचं देऊळ. लाँच दिसली की ती थाळी वाजवत खाली यायची. मी उतरले की बोलायला सुरुवात. लाँच निघेपर्यंत, आणि निघाल्यावरही काठावरून, आवाज पोचेल तोवर.

पहिले काही महिने मला वाटलं, काय जिगरबाज बाई आहे. मातीला धरून राहिलीय. एका पेपरवाल्यानं तिचा फोटोही छापला होता, 'एकटीनं राखलेलं गाव' म्हणून. तो फोटो नवी मुंबईतल्या गावकरी मंडळाच्या कार्यालयात चौकट करून लावलाय, असं ती मला सांगायची. अभिमानानं सांगते की कसं, ते मला कळायचं नाही.

मग एका पावसाळ्यात पंचनाम्याला गेले. तिच्या घराची मागची भिंत खचली होती. मी टेप लावून मोजत होते आणि ती एकदम म्हणाली, "भाऊसाब, मला कुपवाडला जायचंय."

"जा की. चार दिवस राहून या."

"चार दिस न्हाई गं बाय. जायाचंच हाय. कायमचं. गव्याचं भ्या वाटत न्हाई, आस्वलाचं वाटत न्हाई. पर सांच्याला सैपाक करून ताटावर बसलं की घास गिळवत न्हाई बघ. कुणाला म्हनून इचारायचं न्हाई, मीठ बराबर हाय का."

मी टेप गुंडाळला. "मग अडलंय कुठं? लेक नेत नाही का?"

"लेक तर रडतीया. पर कौल झालाय न्हवं."

कौल म्हणजे देवाला विचारणं. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, मानकरी हात जोडून प्रश्न घालतो, त्याला सवाल म्हणतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. जाऊ गेली त्या वर्षी यात्रेत गावकीनं सवाल घातला होता, तानूनं गाव राखावं का? उजवी पडली. लोकांनी गुलाल उधळला. तेव्हापासून दर यात्रेला तिला मानाची साडी, नारळ आणि हार. वर्षाचं धान्य मंडळ पाठवायचं, त्यात कधी कसूर नाही. मुलीनं न्यायचं म्हटलं की मंडळी जावयाला फोन करायची, की देवाचा शब्द मोडू नका, गावाचं नाव जाईल. जावई भला माणूस, तो गप्प बसायचा.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं का, तुम्ही राहता का म्हणून?"

"देवाला इचारलं की."

"तुम्हाला?"

ती भिंतीच्या खचलेल्या दगडाकडं बघत राहिली. "न्हाई. मला कशाला इचारतील?"

मला राग आला. पण कौल हा काही माझ्या खात्याचा विषय नाही. मी पंचनाम्यावर तिचा अंगठा घेतला आणि लाँचची वाट बघत बसले. जाताना एवढंच म्हटलं, "कौल परत लावता येतो का, ते गुरवाला विचारा."

"लावता येतो. पर सवाल घालायचा मान गावकीचा. बाईमानसानं न्हाई घालायचा."

भैरोबाची यात्रा चैत्रात. त्या दोन दिवसांत सावरटेकची लोकसंख्या एकदम फुगते. नवी मुंबईतून गाड्या येतात, काठावर लागतात, खिंड उघडी असली तरी तिथनं गाडीवाट नाही, म्हणून लाँचच्या फेऱ्यांवर फेऱ्या. पाणी ओसरलेलं, त्यामुळं लाँच लांबच थांबते आणि तांबड्या चिखलातून पोरांना खांद्यावर घेऊन, गॅसच्या टाक्या आणि स्पीकर डोक्यावर घेऊन सगळे वर चढतात. त्या वर्षी मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. कारण उघड होतं. धक्क्याचं काम मंजुरीच्या जवळ आलं होतं आणि माझ्या शेऱ्याला एकदम भाव आला होता.

मंडळाचा अध्यक्ष बबनराव. मार्केटमध्ये माथाडी, आता मुकादम. उंचापुरा, गोड बोलणारा, गावासाठी खरोखर झिजणारा माणूस. देवळाचा पत्रा त्यानंच घातला, पाण्याची टाकी त्यानंच चढवली. तानूबाईला तो काकी म्हणायचा आणि दरवेळी पाया पडायचा. त्याच्यावर मी तेव्हा चिडलेली होते, पण तो वाईट होता असं आजही म्हणवत नाही.

आरती झाली. ढोल थांबला. बबनरावांनी माइकवर जाहीर केलं, की आता गावाची राखणदार, आपली माउली, तानूकाकीचा सन्मान भाऊसाहेबांच्या हस्ते. माझ्या हातात साडी दिली. मी पुढं झाले तर तानूबाईनं हात मागं घेतले.

"साडी ऱ्हाऊ द्या. आदी कौल लावा."

बबनराव हसले. "लावू की काकी. काय सवाल घालायचा सांग, मी घालतो."

"तू न्हाई. सवाल मी घालनार."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हातारा म्हणाला, मान गावकीचा हाय, बायकांनी सवाल घालायची रीत न्हाई. तानूबाईनं वळून त्याच्याकडं बघितलंही नाही. ती माझ्याकडं बघत होती.

"भाऊसाब, तुमच्या दप्तरात सावरटेकात ऱ्हानारं म्हनून कुणाचं नाव हाय?"

माइक चालू होता. मी सरकारी माणूस, खरं ते सांगायला मला काही अडचण नव्हती. म्हटलं, "तुमचं."

"आनि?"

"आणि कुणाचं नाही."

"ऐकलं का रं?" ती सगळ्यांना म्हणाली. "गावात ऱ्हातो तो गावकरी. मग आज गावकी म्हंजी मीच. व्हय का न्हाई, गुरव?"

गुरव पलीकडच्या काठावरच्या गावचा, पोटापुरता यात्रेला येणारा. त्यानं एकदा बबनरावांकडं बघितलं, एकदा देवाकडं आणि ओल्या पाकळ्यांची ताटली उचलली. "बरोबर हाय," तो म्हणाला. "वस्तीचा मान असतो." पाकळ्या चिकटवताना तो गालातल्या गालात हसत होता, ते मी बघितलं.

तानूबाई मूर्तीपुढं उभी राहिली. हात जोडले. एरवी लाँचपर्यंत पोचणारा तिचा आवाज एकदम शांत झाला.

"देवा भैरोबा, तू सांगितलंस तशी लय दिस ऱ्हायले. आता माझ्यानं होईना. माझ्या जागी कोन ऱ्हावं, ते तूच सांग. मी एकेकाचं नाव घेते. ज्याच्या नावाला उजवी देशील, त्यानं ह्या आखाडापास्नं हितं बिऱ्हाड करायचं. पयलं नाव घेते, बबन..."

"काकी, थांब!" बबनराव अक्षरशः ओरडले. "आगं, थांब. असं एकदम... माझं काम हाय तिकडं. पोरांच्या शाळा हायत."

"ते देव बघंल की. तुला नको आसंल तर डावी दील."

"आगं पर उजवी दिली तर?"

"तर ऱ्हायाचं. मी ऱ्हायले न्हवं?"

बबनराव मूर्तीच्या उजव्या खांद्याकडं बघत होते. पाकळी ओली होती, जरा खाली आलीय असं मलाही वाटलं. त्यांनी हात जोडले, ते देवाला की तानूबाईला कोण जाणे. "माझं नाव नगं घालू काकी. पाया पडतो."

"बरं. मग तुकाराम."

तुकाराम मागच्या मागं सरकला. त्याची बायको पुढं आली आणि म्हणाली, "आवं काकी, ह्यास्नी शुगर हाय, हितं डॉक्टर कुठनं आनू?" मग शिवाजी. शिवाजी लाँचवाल्याला काहीतरी सांगायला खाली गेला होता म्हणे, आत्ता तर इथंच होता. रिटायर झालेला एक जण होता, सगळ्यांची नजर त्याच्याकडं गेली, तर तो म्हणाला, माझी नातवंडं सांभाळायला घरात मीच असतो. त्याचं कारण खोटं नव्हतं. कुणाचंच खोटं नव्हतं. गाभाऱ्यापुढची गर्दी हळूहळू मंडपात गेली आणि मंडपातली अंगणात. कुणी एकानंही म्हटलं नाही की कौल म्हणजे वाऱ्यानं पडलेली पाकळी. तसं म्हटलं असतं तर तानूबाईनं गाव राखावं हा कौलही त्याच वाऱ्यानं पडलेला ठरला असता. आणि त्यांचा खरंच विश्वास होता. म्हणून तर ते घाबरले.

शेवटी देवापुढं उरलो आम्ही चौघं. गुरव, तानूबाई, बबनराव आणि हातात साडी धरलेली मी. बबनराव खाली मान घालून म्हणाले, "जा काकी तू लेकीकडं. देवाचं आमी बघून घिऊ." गुरवानं पाकळ्या पडायची वाट न बघता हातानं काढल्या आणि ताटलीत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशीच्या लाँचनं ती निघाली. टोपलीत कोंबड्या, गाठोड्यात कपडे. मला वाटलं होतं ती मागं बघेल, रडेल. तिनं त्यातलं काही केलं नाही. नवी मुंबईच्या बायकांच्या मधे बसून कुणाच्या सुनेला दिवस गेलेत आणि कुणाच्या नाहीत, याची चौकशी करत होती. काठावर मुलगी आणि जावई उभे होते. जावई चिखलात गुडघाभर पुढं आला आणि टोपली घेतली. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

गोष्ट इथं संपली असती तर लाडू वाटले असते. पण आमच्या कामात यात्रेनंतर अहवाल असतो.

पावसाच्या आधी बबनराव माझ्या कार्यालयात आले. एकटेच. बसा म्हटलं तरी बराच वेळ उभे राहिले.

"भाऊसाहेब, एक विनंती हाय. काकीचं नाव तेवढं ऱ्हाऊ द्या. माणूस कुठं का आसंना."

"आणि तपासणीला आले तर कोण दाखवू?"

"आनू की तिला. आठ दिसांचा तर प्रश्न."

"आठ दिवसांचे महिने होतात, बबनराव. आणि ती पुन्हा तिथंच अडकेल."

त्यांनी ते मान्य केलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मुंबईत कुणी इचारलं, गाव कुठलं, तर छाती काढून सांगतो, सावरटेक. तिकडं आमी कोन हाओत? चाळीतली मानसं. उद्या माझं पोरगं म्हनंल, दाखवा तुमचं गाव. तर काय दाखवू? रान?" त्यांनी रुमाल काढला. "तुमी आमचं नावच पुसाया लागलाय."

मी कवठे महांकाळची, आमच्या गावात पाणी नाही म्हणून लोक गेले, यांच्या गावात पाणी आलं म्हणून गेले. मी फक्त एवढं म्हटलं, की तुमच्यापैकी एक जण बिऱ्हाड करून राहिला तर मी आनंदानं 'आहे' लिहीन, आषाढापर्यंत थांबते. ते हो म्हणाले. मी थांबले. आषाढात गेले तर देवळाला कुलूप आणि तानूबाईच्या ओट्यावर गवत. एक कुटुंब आठवडाभर राहिलं आणि फोनला रेंज नाही म्हणून परत गेलं होतं. परत येऊन मी सावरटेकपुढं 'बेचिराख' लिहिलं. खोटं काहीच नव्हतं त्यात, तरी लिहिताना फार वाईट वाटलं. धक्का पुढं दुसऱ्या गावाला गेला.

निवृत्त झाल्यावर मागच्या हिवाळ्यात सांगलीला एका लग्नाला गेले होते, तेव्हा कुपवाडला वाट वाकडी केली. वर्कशॉपच्या मागं एक बोळ, दोन्ही बाजूंना पत्र्याची घरं, कारखान्यांची पाळी सुटलेली आणि मोटारसायकलींची ही गर्दी. तानूबाई जाड झाली होती. मला बघून तिनं हाताला धरून आत नेलं, चहा टाकला, लेकीची पोरं दाखवली, शेजारच्या घरातलं सगळं बोलून झालं. मग चहाचा कप पुढं ठेवून एकदम विचारलं,

"गावाचं काय लिवलंस?"

"बेचिराख."

ती समोर बसली. लेथचा आवाज बाहेरून सारखा येत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते येऊ दिलं. "माझ्या मालकाचं गाव गं ते. मी ऱ्हायले आसते तर..."

"तर तुम्ही तिथंच मेला असता. एकट्या."

"व्हय," ती म्हणाली. "ते बी खरं हाय." पदरानं डोळे पुसले, पण पाणी काही थांबेना. मला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि मी तो ठेवला.

तेवढ्यात बोळातून एका बाईचा आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "ओ सावरटेकच्या मावशीऽ! घागर काढा तुमची नळाखालनं! का नळ इकत घेतलाय सावरटेकवाल्यांनी?"

तानूबाईनं नाक पुसलं. "आले गं आले! तुझ्या बाचा नळ हाय व्हय?" असं म्हणत ती उठली आणि तरातरा बाहेर गेली. मी चहा पीत बसले. बाहेर चांगलंच जुंपलं. सावरटेकचं पाणी, सावरटेकची घागर, सावरटेकच्या लोकांना काय रीतभात, असं बराच वेळ चाललं होतं, आणि तानूबाईचा आवाज सगळ्यांच्या वर होता.